पंधरा तास पन्नास मिनिटं

नाही, आता हा प्रश्न मला कोणी विचारायचा नाही! मघाशी आत येताना दारातच एकाने विचारलं, "सर, अमेरिकेला किती तास लागतात हो?" आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच... तुम्हाला सांगतो, दोन हजार सोळा साल होतं. सोळाच ना? का सतरा? थांबा जरा... नोटा बंद झाल्या त्याच्या आधी, का नंतर? हे बघा, मला हल्ली माझ्याच आठवणीचा भरवसा वाटत नाही. एम.ए. भूगोल, त्यावर पीएच.डी., दुधना नदीच्या खोऱ्यावर चारशे पानं लिहिली, अंबडच्या कॉलेजात चौतीस वर्षं शिकवलं, जगातल्या कोणत्याही नदीची लांबी विचारा, झोपेत सांगेन. पण सकाळी चष्मा कुठं ठेवला ते विचारू नका! तर साल सोळा धरा. चुकलं असेल तर घरी विचारा, घरी माझ्या चुका माझ्यापेक्षा जास्त लक्षात असतात.

पण एक आकडा मी विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही. पंधरा तास पन्नास मिनिटं!

हा आकडा आमच्या जावयाचा. अंगदराव. पोरगा आपल्या घनसावंगीकडचा, पण अमेरिकेत सहा वर्षं काढल्यावर माणूस अंतराबद्दल असं बोलायला लागतो, जणू पृथ्वी त्याच्या मालकीची आहे. फोनवर म्हणतो, "बाबा, काहीच न्हाई हो! मुंबईत बसायचं, न्यूयॉर्कला उतरायचं. साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास पन्नास मिनिटं. एक झोप काढली की आलं!" झोप काढली की आलं! अरे, कुठून कुठपर्यंत मोजले तुम्ही हे तास? धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत! माणूस काय धावपट्टीवर राहतो का? माझं घर जालन्यात आहे! मधे चारशे किलोमीटरचे खड्डे आहेत, ते कोण मोजणार? तुमचे आजोबा?

असं मी त्यांना बोललो नाही. मनात बोललो. जावई आहेत.

आता मला अमेरिकेची हौस होती का? बिलकुल नाही. पण आमची आकांक्षा, एकुलती एक, तिचं पहिलं बाळंतपण. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पोरीला सुट्टी नाही, डॉक्टर प्रवास करू देत नाहीत, मंग काय? माहेरच उचलून तिकडं न्यायचं! दैवशालाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, महिनाभर डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची चळत... अहो, ती शेगडीसुद्धा बांधत होती, बाजेखाली धरायला! मी म्हटलं, अगं, तिकडं घराला धुराची घंटा असते, अग्निशामक दल येईल. तर म्हणते, "येऊ द्या. त्यायलाबी लाडू देऊ."

आणि पोर रोज फोनवर एकच. "आई, तू आल्याशिवाय मी दवाखान्यात पाय ठेवत न्हाई बघ." हसत म्हणायची, पण हसता हसता आवाज कापायचा. डॉक्टरांनी मंगळवार दिलेला. आमचं विमान त्याआधीच्या शनिवारी दुपारी, मुंबईहून. म्हणजे जालन्याहून निघायचं शुक्रवारी सकाळी. तीन दिवस हाताशी. बराबर हिशेब होता! कुठंही चूक नव्हती!

आणि अंबडहून आमच्या अक्काचा फोन आला.

तुळजाबाई. माझी थोरली बहीण. शाळा चौथीपर्यंत, पण पंचांग असं पाठ की बोलायची सोय नाही. "काकासाहेब, शुक्रवारी निघून राह्यलास म्हणं? पश्चिमेला? शिकून शिकून अक्कल गेली का रे तुझी? शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो!"

आता सांगा, मी भूगोलाचा डॉक्टर. मी सोडतो का? म्हटलं, "अक्का, अमेरिका नकाशात पश्चिमेला दिसते. पृथ्वी गोल आहे. तू गोळा घे, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धर, न्यूयॉर्कवर दुसरं धर आणि ताण. दोरा कुठून जातो? वरून! उत्तरेकडून! रशिया, फिनलंड, ग्रीनलंड! सगळ्यात जवळचा रस्ता तोच. विमान पश्चिमेला जातच नाही. उत्तरेचा शूळ मंगळवार-बुधवारी असतो. शुक्रवार मोकळा आहे!"

मला वाटलं, जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा अक्कापुढं जिंकलो! मग आवाज आला.

"आन जालन्याहून मुंबई कुनीकडं हाय रे?"

...पश्चिमेला.

चौतीस वर्षं शिकवलं हो मी!

मग अक्काने तोडगा दिला. प्रस्थान ठेव. आताच्या पोरांना ठाऊक नसेल, दिवस वाईट असला की आदल्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू बोचक्यात बांधायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्याकडं नेऊन ठेवायची. म्हणजे काय, तर तुम्ही चांगल्या दिवशीच निघालात! दुसऱ्या दिवशी जाताना ते बोचकं उचलायचं आणि पुढं व्हायचं. शूळाला वाटतं, हे तर कालच गेले. आणि अक्काने बजावलं, "नुसते तांदूळ-सुपारी बांधून देवाला फसवू नको. ज्याच्यावाचून परवास अडतो, असं काहीतरी ठेव त्याच्यात."

माझा या गोष्टींवर विश्वास आहे का? नाही. पण पोरीचं बाळंतपण. अशा वेळी माणूस म्हणतो, नसेना का विश्वास, करून टाकू. आणि एकदा करायचं म्हटलं की नीट करायचं, हा माझा स्वभाव. गुरुवारी नवं उपरणं घेतलं, बोचकं बांधलं. त्यात काय होतं? तांदूळ, सुपारी, हळकुंड, माझा रुमाल... एवढं मला आठवतं. मी घातलं ते एवढंच, असं मी आठ वर्षं सांगत आलो. असो, त्यावर येतो.

ठेवलं कुठं? मस्तगडात, मांगीलालकडं. मांगीलाल माझा चाळीस वर्षांचा मित्र, कापडाचं दुकान, वाडवडील राजस्थानातले पण मराठी माझ्याइतकंच, फक्त भावना अनावर झाल्या की हिंदी. बोचकं बघून त्याचे डोळे भरून आले. "परस्थान? बिलकुल रखेंगे प्रोफेसरसाब! आमच्यातही ठेवतात." देवघरात पाट मांडला, त्यावर बोचकं, त्यावर नारळ. सुगनबाई वहिनींनी तर उदबत्ती लावली. मला जरा लाज वाटली, पण बरंही वाटलं.

शुक्रवारी सकाळी गाडी आली. मस्तगडात शिरतो तर काय, मांगीलालची गल्ली खोदलेली! पाईपलाईन! ही गल्ली वर्षभर शहाणी असते, आणि माझ्या पोरीच्या बाळंतपणाला हिला पाईपलाईन सुचते! ड्रायव्हर म्हणाला, "सर, गाडी आत जाणार न्हाई." दैवशाला दार उघडून एक पाय खाली टाकून म्हणाली, "थांबा, मी पळत जाऊन आणते."

आणि मी म्हटलं... हे मला स्वच्छ आठवतं, याबद्दल शंका नाही... मी म्हटलं, "बस आत! जायला-यायला अर्धा तास जाईल. पुढं औरंगाबादेत गाड्या तुंबल्या म्हणजे? प्रस्थान हे प्रतीक असतं. शास्त्राप्रमाणे आपण कालच निघालेलो आहोत. आता ते तांदूळ काय न्यूयॉर्कला नेऊन शिजवायचेत? तिकडं विमानतळावर दाणा सापडला तर दंड करतात." ती म्हणाली, "आवो, अक्कांनी सांगितलंय, उचलून न्यावं लागतं." म्हटलं, "अक्का चौथी शिकलेली आहे!"

गाडी वळवली.

आता पुढचं तुम्ही ओळखलं असेल. तुम्ही ओळखता हो, बसल्या बसल्या सगळेच ओळखतात! मी मात्र शनिवारी विमानतळाच्या दारात उभा, मागं दोनशे माणसांची रांग, समोर बंदूकवाला जवान, आणि तो म्हणतो, "पासपोर्ट."

मी निळ्या पिशवीचा पहिला कप्पा उघडला. गोळ्या. दुसरा. माझा कवळीचा डबा. तिसऱ्यात तिकिटाच्या चार प्रती, विम्याच्या तीन, न्यूयॉर्क ते अंगदरावांचं घर हा हाताने काढलेला नकाशा, उत्तर दिशेचा बाण दाखवून, प्रमाण लिहून! चौथ्यात लाडू. जवान म्हणतो, "अंकल, साइड में." साइड में! सगळं सामान जमिनीवर पसरलं. लाडू, दुपटी, ओवा, पायमोजे. लोक ओलांडून जाताहेत. एक बाई थांबून विचारते, "लाडू विकायचेत का?"

मी दैवशालावर ओरडलो. "पासपोर्ट तुझ्याकडं दिले होते!"

"माझ्याकडं? तुम्ही मला हात तरी लावू दिला का त्यायला? वर्षभर उशाला घेऊन झोपला!"

"मग बोचकं बांधताना तूच घातले असशील! लाडवांच्या नादात! दुसरं कोण?"

ती थबकली. मी एवढ्या खात्रीने बोललो ना... चौतीस वर्षं वर्गात खात्रीने बोलायची सवय. म्हणाली, "असंल. माझ्याच हातून झालं असंल." आणि तिथंच लाडवांशेजारी बसली.

मांगीलालला फोन लावला. म्हटलं, बोचकं उघडून बघ, आत पासपोर्ट आहेत का?

"उघडू? नाही नाही! सर, परस्थान खोलते नहीं. तुम्ही पोचला नाहीत अजून."

"अरे, पासपोर्टशिवाय पोचणार कसा?"

"वो मैं नहीं जानता. बेटीचा मामला आहे. मी गाठीला हात लावणार नाही. वरून चाचपून सांगू?"

"चाचप!"

चाळीस वर्षांचा मित्र, तागे चाचपण्यात आयुष्य गेलेलं. दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येतोय. मग म्हणतो, "सर, तांदूळ आहे. सुपारी आहे. आणि कुछ कडक है. पतली किताब जैसा. दो नग."

दोन नग! आमचे पासपोर्ट मस्तगडात देवघरात, नारळाखाली, उदबत्तीसमोर! आणि आम्ही मुंबईत. विमान वरून गेलं असेल तर मला दिसलं नाही, मी खाली बघून ओवा गोळा करत होतो.

बरं, मांगीलाल मोठ्या मनाचा. फोन ठेवला तसा गाडी काढून निघाला, बायकोला घेऊन. का, तर बोचकं मांडीवर धरायला दुसरं माणूस पाहिजे, प्रस्थान जमिनीला टेकवत नाहीत! चारशे किलोमीटर. किती वेळ लागला असेल? साडेअकरा तास! घाटात ट्रक उलटलेला. साडेबारा हजार किलोमीटरला पंधरा तास पन्नास मिनिटं आणि चारशेला साडेअकरा! कोणत्या भूगोलात बसवायचं हे? अंगदरावांना फोनवर सांगितलं तर म्हणतात, "बाबा, तुम्ही डोमेस्टिक लेगचा बफर धरायला पाहिजे होता." बफर! मी म्हशीच्या वेगाने मोजायला पाहिजे होतं, असं म्हणा ना सरळ!

लॉजच्या खोलीत बोचकं आलं. सुगनबाईंनी पदरात धरून आणलेलं. आता गाठ सुटेना! मांगीलालने प्रयत्न केला, वहिनींनी केला, दैवशालाने हातात घेतलं, गाठीकडं बघितलं... बघतच राहिली. मग बोचकं माझ्या हातात दिलं. मी एक टोक दाबलं, दुसरं आतून काढलं, चट् सुटली! म्हटलं, "बघा! डोकं लागतं!" आत माझ्या रुमालात गुंडाळलेले दोन पासपोर्ट. मी ते मांगीलालसमोर, सुगनबाईंसमोर नाचवले. "बघ तुझा वेंधळेपणा! या बाईमुळं, मांगीलाल, या बाईमुळं!"

ती तांदूळ गोळा करत बसली.

तिकीट बदललं, रविवार दुपारचं. तेवढ्यात अक्काचा फोन. "ऐतवारी? आरं, ऐतवारी बी पश्चिमेला शूळच असतो!" मी फोन उशीखाली घातला. उशीखालून आवाज येतच होता.

आणि मग ते विमान. पंधरा तास पन्नास मिनिटं! माझा गुडघा समोरच्याच्या पाठीत, त्याची पाठ माझ्या छातीत. समोर पडदा, पडद्यावर नकाशा, नकाशावर विमान. माझ्या दोऱ्याच्या वाटेने, बरोबर उत्तरेला! शेजारचा गृहस्थ म्हणतो, "हा पायलट असा वाकडा का नेतो?" त्याला मी अफगाणिस्तानपासून रशियापर्यंत समजावलं. तो झोपला. वर्गातही झोपायचेच.

दैवशाला दर दहा मिनिटांनी, "किती राह्यलं?" मी, "नऊ हजार." ती, "आता?" मी, "आठ हजार नऊशे." मधेच म्हणाली, "पोर थांबल ना हो?" मी आकडा सांगितला. मला दुसरं काय येतं? शेवटी तिने विचारणं बंद केलं. हातात ते रिकामं उपरणं. घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घडी.

उतरलो तेव्हा तिथं अजून रविवारच, रात्रीचे आठ वाजून वीस मिनिटं. बाहेर अंगदराव उभे. डोळे लाल, तोंडभर हसू. "अभिनंदन! मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी."

दैवशालाने एकच विचारलं, "आई-आई करत व्हती का?"

अंगदराव हो म्हणून मान हलवत बॅगा उचलायला वाकले.

मी आपला खिशातून पेन काढून बोर्डिंग पासच्या मागं गणित मांडलं. दुसरं काय करणार, उभ्या उभ्या? शनिवारचं विमान पकडलं असतं तर बाळाच्या आधी पोचलो असतो. सोळा तासांना दहा मिनिटं कमी, एवढे आधी! ती म्हणाली, "ती जन्मली तवा आपण कुठं व्हतो?" मी वेळ आणि वेग मांडून सांगितलं, "फिनलंडवर."

"फिनलंडात काय काम व्हतं आपलं?"



पण म्हणून मी सुधारलो का? छे! परत आलो आणि आठ वर्षं, लग्नात, मुंजीत, बँकेच्या रांगेत, कोणीही विचारलं, "सर, किती तास लागले?" की मी सुरू! "तास काय विचारता? आमच्या हिने पासपोर्ट बोचक्यात बांधले! आणि गल्ली अशी खोदलेली की जायला-यायला अर्धा तास!" लोक हसायचे. तीही चहाचा ट्रे घेऊन उभी असायची, तीही हसायची.

गेल्या दिवाळीत आकांक्षा आली, नातीला घेऊन. पलक आता आठ वर्षांची. ती मला विचारते, "आजोबा, माझ्या बर्थला तुम्ही लेट का आलात?" मी खाकरलो, "त्याचं असं झालं, तुझ्या आजीने..." तेवढ्यात आकांक्षा म्हणाली, "अरे हो, आईचा लाडवांचा व्हिडिओ दाखवते हिला!" त्या गुरुवारी दैवशालाने पोरीसाठी लाडू वळतानाचा व्हिडिओ काढला होता, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून. लाडू सहा मिनिटांत संपतात. व्हिडिओ बावीस मिनिटांचा! बंद करायलाच विसरलेली. पुढचा भाग आठ वर्षांत कोणी बघितला नव्हता. रिकामा ओटा कोण बघतं? पण पोरगी अमेरिकन, सुरू केलेलं शेवटपर्यंत बघणार.

नवव्या मिनिटाला मी येतो. मागं कोणी नाही, दैवशाला अंगणात धुणं काढतेय, आवाज येतो तिचा. मी ओट्यावर उपरणं पसरतो. तांदूळ घालतो. सुपारी घालतो. मग थांबतो. मग खिशातून दोन पासपोर्ट काढतो, रुमालात गुंडाळतो, मधोमध ठेवतो आणि स्वतःशी, अगदी वर्गातल्या आवाजात, म्हणतो, "ज्याच्यावाचून प्रवास अडतो. आता कसं बरोबर!" आणि गाठ मारतो. ती माझी गाठ, दुहेरी, आतून फिरवलेली. सर्व्हेच्या, म्हणजे जमीन मोजायच्या, साखळीला मारायचो ती. घरात दुसऱ्या कोणाला येत नाही.

पलक म्हणाली, "आजोबा, दॅट्स यू."

हो बाई. दॅट्स मी.

मी दैवशालाकडं बघितलं. ती शांतपणे चकल्या मोजून डब्यात... मोजून नाही, नुसत्या भरत होती. म्हणाली, "मला त्या लॉजवरच कळलं व्हतं. गाठ बघितली ना."

"मग बोलली का नाहीस?"

"पंधरा तास पन्नास मिनिटं तुमच्याच शेजारी बसायचं व्हतं की हो!"

"आणि नंतर? आठ वर्षं?"

"नंतर बी शेजारीच हाय की."

मी चप्पल घातली, थेट मस्तगडात गेलो. त्या दिवशी गाडी थांबली होती त्या वळणावर उभा राहिलो. घड्याळ लावलं आणि मांगीलालच्या दारापर्यंत चालत गेलो. आता माझे गुडघे आठ वर्षांनी आणखी गेलेले, मधे एकदा थांबलोसुद्धा, पाईपलाईन परत खोदलेली होती. दारात मांगीलाल. "अरे प्रोफेसरसाब! कहाँ से?"

म्हटलं, कोपऱ्यावरून. बोचकं न्यायला आलो होतो.

तर आता विचारा, किती लागतात ते. लिहून घ्या, पक्का आकडा आहे, दोनदा मोजलाय. एकशे बेचाळीस पावलं. दोन मिनिटं दहा सेकंद.